पत्रा न लावता घेतलेलं रीडिंग

१९९९ साली आमच्या वर्गातल्या सगळ्यांना सॉफ्टवेअरची नोकरी हवी होती. तरी परीक्षेला विद्युतचुंबकीय लहरी होत्याच, आणि प्रॅक्टिकलही होतं.

टेबलाच्या एका टोकाला पितळी भोंगा. त्यातून निघालेल्या लहरी समोरच्या पत्र्यावर आपटून परत येतात आणि मीटरची सुई चढते. पत्रा जितका जवळ, तितकी सुई वर. काम दोघांचं. उत्तरेश्वर पत्रा सरकवायचा, मी भोंग्यामागे बसून रीडिंग लिहायची.

जानेवारीत माझी बंगळूरच्या कंपनीत निवड झाली, त्याची इथल्याच, पुण्यातल्या. "एकाच गावात राहू की, रुपाली," तो म्हणाला. मी म्हटलं, "बघू." मला हो म्हणायचं होतं. उगाच भाव खाल्ला. सुट्टीत तो बार्शीला गेला आणि चार दिवसांच्या तापात गेला.

"पार्टनर नाही म्हणून प्रॅक्टिकल माफ होत नसतं," अनंत सर म्हणाले आणि चहाला गेले.

एकटीला पत्रा आणि मीटर दोन्ही सांभाळता येईना. मग सगळे करतात तेच केलं. पत्रा टेबलावर आडवा ठेवला, आणि सूत्रावरून उलटी रीडिंग बनवून लिहायला बसले. दोनशे सेंटिमीटर, सुई आठवर.

सहज वर पाहिलं. सुई आठवर होती.

समोर काही नव्हतं. दुपारचं ऊन, रिकामी स्टुलं, बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. मी दीडशे लिहिलं, चौदा. सुई चौदावर गेली. तो पत्रा सरकवायचा तशीच, जरा अडखळून.

मला भीती वाटायला हवी होती. मला रडू आलं.

शंभर. पन्नास. तक्ता तिथे संपतो. मी पट्टीने खाली आणखी एक ओळ आखली आणि अंतराच्या रकान्यात शून्य लिहिलं.

सुई टोकाला जाऊन टेकली.

"हो," मी म्हटलं. "मी पुण्यातच राहते."

बंगळूरला गेले नाही. घरच्यांनी वेड्यात काढलं. वर्गातले अमेरिकेला पोचले, मी त्याच लॅबमध्ये शिकवू लागले. याला आता सहा वर्षं झाली. लग्नाचं विचारणारे दोघेतिघे एकदा भेटून गेले, पुन्हा आले नाहीत. का, ते कुणी सांगितलं नाही.

परवा चैताली नावाची विद्यार्थिनी जर्नलवर सही घ्यायला आली. हुशार आहे, रीडिंग बनवत नाही.

"मॅडम, पत्रा काढला तरी आमची सुई शून्यावर येत नाही."

"मीटर जुना आहे."

"नाही मॅडम. तुम्ही बाहेर गेलात की येते." ती जरा घुटमळली. "आणि परत येता ना, तेव्हा तुम्ही दारात दिसायच्या आधीच चढायला लागते."

मी सही केली. मग दाराकडे न बघता तिला विचारलं, "किती आधी?"

"दोन पावलं," ती म्हणाली. "पूर्वी चार असायची."