शेवाळ परत आलंय

दवाखान्यात शिरलेला पेशंट आधी खुर्ची शोधतो, नाहीतर पळून जायला दार. हा मात्र डावा गाल तळहाताने धरून सरळ काचेच्या टाकीपाशी गेला, वाकला आणि नाक काचेला टेकेल इतक्या जवळून आत बघत राहिला.

ती आतल्या खोलीच्या दारात उभी होती. मास्क हनुवटीखाली, एका हातात मोजा चढवलेला, दुसरा मोकळा. गाल लिंबाएवढा सुजलाय आणि हा माणूस मासे बघतोय!

टाकी ही आत्याची हौस. आत्या शाळेतून निवृत्त झाली आणि भाचीच्या दवाखान्यातलं बाहेरचं टेबल तिने ताब्यात घेतलं. खुर्चीवर बसायच्या आधीच पोरं रडतात, त्यांचं मन रमावं म्हणून तिने खाऱ्या पाण्याची टाकी आणवली. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. सुरुवातीला पोरं खरंच गप्प बसायची. मग वाळूवर तपकिरी साय धरली. मग दगडांवर हिरवे केस उगवले. आता तर मासे दिसायचे नाहीत, आहेत असं धरून चालावं लागायचं. दातांच्या दवाखान्यात दारातच असं किटण! ती टाकीकडे बघायचंच टाळायला लागली होती.

"आत या," ती म्हणाली.

इंजेक्शन देऊन झाल्यावर तिने बजावलं, "आता जीभ जड होईल. बोलू नका."

तो लगेच बोलला. "फाणी... नलाचं घालता?"

"काय?"

"ताकीत. नलाचं फाणी?"

मास्कच्या आड तिला हसू फुटलं. डोळे तेवढे उघडे होते, आणि नेमकं तिथेच त्याने ते पकडलं.

"नळाचंच. मीठ मिसळून. तोंड उघडा."

"आनि कमी झालं की... फरत मिथाचंच?"

"हो. मोठं उघडा!"

काम संपलं तरी तो गेला नाही. ओठ ताळ्यावर येईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला, आणि ती पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आली तेव्हा म्हणाला, "पाणी उडून जातं डॉक्टर, मीठ मागेच राहतं. कमी झालेलं भरताना गोडंच पाणी घालायचं. तुमचे मासे हळूहळू मिठात मुरतायत."

"तुम्हाला कसं माहीत एवढं?"

"मी पाणी तपासतो. शहराच्या प्रयोगशाळेत." मग जरा थांबून, "आणि घरच्या पहिल्या टाकीतले सगळे मासे मी असेच मारलेत."

हे शेवटचं त्याने इतक्या कळवळ्याने सांगितलं, की तिला त्याच्या सुजलेल्या गालापेक्षा त्या माशांचंच वाईट वाटलं.

दाताची मुळं साफ करायची म्हणजे एका दमात होत नाही. तो पुन्हा आला, पुन्हा आला. येताना खिशात इवल्या काचेच्या नळ्या असायच्या. नळीत टाकीतलं पाणी, त्यात थेंब औषध, आणि मग दोघं खिडकीपाशी उभे राहून रंग बदलायची वाट बघायचे. वाट बघताना बोलायलाच पाहिजे असं नसतं. ती मात्र बोलायची, कारण गप्प राहिलं की त्याच्या बाहीला येणारा साबणाचा वास फार जवळ यायचा...

"गुलाबी आलं. म्हणजे?"

"म्हणजे शेवाळाची मेजवानी चालू आहे. दिवा दिवसभर चालू ठेवता. खिडकीचं ऊन सरळ टाकीवर. आणि खाणं कोण घालतं?"

"मी," आत्या टेबलामागून म्हणाली. "आणि ही. आणि येणारं-जाणारं प्रत्येक पोर."

"आजपासून एकानेच. आणि चिमूटभर. शेवाळाशी भांडत बसायचं नाही, त्याचं खाणं तोडायचं."

"मीही पेशंटना हेच सांगते," ती म्हणाली. "दाताची कीड गोडावरच जगते."

"मग आपला धंदा एकच की." तो हसला. सूज उतरल्यावर त्या गालावर खळी पडत होती. हे तिने फक्त डॉक्टर म्हणून टिपलं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यांनी टाकी खिडकीपासून हलवली. नळाऐवजी गाळलेलं शुद्ध पाणी आणून त्यात मीठ विरघळवलं, थोडं थोडं करून जुनं पाणी बदललं. नमुन्यादाखल आलेले कोरे टूथब्रश घेऊन दोघांनी दगड घासले.

"गोल गोल फिरवा, डॉक्टर. तुम्हीच सांगता ना?"

"जास्त दाबू नका. हिरड्या दुखावतील दगडाच्या!"

पाण्यात दोघांचे हात एकमेकांना लागले. दोघांनीही काढून घेतले नाहीत... आणि दोघांनीही तसं काही झाल्याचं दाखवलं नाही.

टाकी आरशासारखी झाली. त्याच आठवड्यात दातावर टोपीही बसली.

"झालं," ती म्हणाली. "आता सहा महिन्यांनी दाखवायला या." रोज दहा जणांना सांगायचं ते वाक्य. पण त्या दिवशी ते तोंडातून सुटलं आणि परत ओढून घ्यावंसं वाटलं. तो खुर्चीतून उठला, दारापाशी घुटमळला, टाकीकडे बघून म्हणाला, "छान दिसतेय." आणि गेला.

त्यानंतर दवाखाना होता तसाच होता. यंत्राचा आवाज तोच, औषधांचा वास तोच. फक्त बाहेरचं दार वाजलं की तिचा हात क्षणभर थांबायचा. आत येणारा दुसराच कुणीतरी असायचा, आणि त्या बिचाऱ्याला ती उगाचच जरा कडक शब्दांत तोंड उघडायला सांगायची.

एका संध्याकाळी माशांना चिमूटभर खाणं घातल्यावर तिने अजून एक चिमूट घातली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही घातली. मग दिवाही उशिरापर्यंत तसाच ठेवला. दगडांवर कोवळी हिरवी लव आली, तेव्हा तिला झालेला आनंद कुणाला सांगण्यासारखा नव्हता.

तिने फोन लावला. "परत आलंय."

"कोण?"

"शेवाळ."

"येतो मी कामावरून सुटल्यावर." त्या आवाजातलं हसू तिने दिवसभर जपून वापरलं.

तो यायचा. नळीत रंग बघायचा, डोकं खाजवायचा. "सगळं बरोबर करताय, मग हे येतं कुठून?" ती खांदे उडवायची. चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. तो गेला की रात्रभर त्याचं एखादं वाक्य मनात घोळायचं, आणि सकाळी तिचे हात पुन्हा खाण्याच्या डबीकडे वळायचे.

आणि मग एका सकाळी आत्याने हाक मारली, "अगं, हे बघ काय झालंय!"

दोन्ही मासे पाण्याच्या वरच्या थराला लागून उभे होते. तोंडं सारखी उघडत-मिटत होती. कल्ले धापा टाकत होते.

तिने त्याला फोन लावला. तो आला तो धावतच, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. नळीतलं पाणी हिरवं झालं तसा त्याचा चेहरा उतरला. "अमोनिया. तळाशी काहीतरी सडतंय." त्याने लांब रबरी नळी घालून वाळू उपसायला घेतली, दगडामागून न खाल्लेल्या खाण्याचा बुरसटलेला थर वर आला. भरपूर पाणी बदललं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून पंपाचं तोंड वर वळवलं. बाहेर पेशंट ताटकळत होते, आत्या त्यांना थोपवत होती. दुपार कलताना मासे खाली उतरले. आधी एक, मग दुसरा.

तेव्हा कुठे ती बोलली. "मीच घालत होते. जास्तीचं खाणं... मुद्दाम."

"मुद्दाम? का?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला कळलं. कळल्याचं त्याच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत दिसलं. पण त्याने ओले हात पुसले आणि हळूच म्हणाला, "माशांनी काय घोडं मारलं होतं, डॉक्टर?"

आणि तो निघून गेला.

त्यानंतर तिने टाकीची अशी काळजी घेतली की आत्याही थक्क झाली. मोजकं खाणं, मोजका दिवा, वेळच्या वेळी पाणी. काच लखलखीत, मासे टुणटुणीत. आता त्याला बोलवायला काही कारणच उरलं नव्हतं. संध्याकाळी दवाखाना रिकामा झाला की ती टाकीसमोर बसून राहायची. पंपाची गुरगुर ऐकू यायची... एवढ्या नितळ पाण्यातही तिला काही दिसायचं नाही.

"इथे बसून काय होणार आहे?" शेवटी आत्या म्हणाली. "पाय आहेत ना तुला?"

प्रयोगशाळा म्हणजे लांबलचक टेबलं, बाटल्यांच्या रांगा आणि क्लोरीनचा उग्र वास. तो पांढऱ्या कोटात होता. तिला बघून हातातली बाटली त्याने जरा जास्तच जपून खाली ठेवली.

"पाणी आणलंय तपासायला?"

"नाही. पाणी चांगलं आहे. मी तशीच आलेय." तिने श्वास घेतला. "तुम्ही रागावलात ते बरोबरच होतं. पण ते शेवाळ काही..."

"मी माशांवरून रागावलो, हे खरं. पण त्याहून जास्त राग आला तो याचा, की नुसतं 'या' म्हटलं असतंत तरी मी आलो असतो. शेवाळ कशाला लागत होतं?"

"मला कुठे माहीत होतं?"

"टाकीतला रंग बघायला मला क्षणभर लागतो. मी अर्धा तास का उभा राहायचो, असं वाटलं तुम्हाला?"

ती हसली, आणि हसताना डोळे भरून आले. त्याने मात्र नजर खिडकीकडे वळवली. "फक्त उशीर झालाय जरा. समुद्राकाठच्या संशोधन केंद्रात अर्ज केला होता, दात दुखायच्या कितीतरी आधी. प्रवाळ वाढवण्याचं काम आहे. त्यांनी बोलावलंय. वर्षभर तरी तिकडेच. सोमवारी निघतोय. सांगायला येणार होतो... रोज येणार होतो."

बाजूच्या टेबलावर कुणीतरी नळ सोडला, बंद केला. वर्षभर! 'थांबा' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. पण प्रवाळ म्हणताना त्याच्या आवाजात जे उजळलं होतं, ते तिने ऐकलं होतं.

"थांब म्हणणार नाही मी," ती म्हणाली. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तिलाही समजलं नाही. "पण यापुढे कसलं निमित्त काढणार नाही. आठवण आली की फोन करीन आणि सरळ म्हणेन, ये."

"रोज म्हणशील?"

"रोज येणारेस का?"

"रोज नाही जमणार," तो म्हणाला. "पण तू रोज म्हण."

सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या सुमाराला तो पाठीवर मोठी बॅग घेऊन दारात उभा राहिला. आत यायला वेळ नव्हता. आत्याने तिथूनच प्रवासाच्या दहा सूचना केल्या. पहिला पेशंट गाल धरून बाकावर बसला होता आणि सगळं ऐकत होता. त्यामुळे दोघांना जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलता आलं नाही. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला. मग निघताना कुणीही म्हणतं तेच म्हणाला.

"येतो."

आयुष्यभर तिने तो शब्द ऐकला होता, पाठ फिरवून जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडून. आज पहिल्यांदाच तिने तो अक्षरशः खरा मानला.

"ये," ती म्हणाली. आत्याने चष्म्यावरून बघितलं, पण ती दारातून हलली नाही. रस्त्याच्या वळणावर त्याने मागे वळून हात केला, आणि तो दिसेनासा झाल्यावरही ती ओठांतल्या ओठांत तेच म्हणत राहिली.