गोकुळची दाद

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षर नाही. गोकुळ माझा सख्खा आतेभाऊ, आणि थापा मारायला लागतो तेवढा उत्साह त्याच्यात उरलेलाच नाही.

मागच्या फेब्रुवारीतला रविवार. संध्याकाळचे सात. सिडकोतलं एक छोटं सभागृह.

वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करून दिवसाही न झोपलेला गोकुळ तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याची लेक श्रेया कथक शिकते. आधीच्या दोन्ही कार्यक्रमांत हा चक्क घोरला होता. या वेळी तिनं बजावलं होतं, "पप्पा, एकदा तरी नीट बघा."

शेजारी दत्तोपंत होते. निवृत्त कारकून, चाळीस वर्षं नाच बघणारे.

"काका, मला यातलं काय कळत नाय," गोकुळ म्हणाला. "डोळे मिटायलेत नुसते."

"मिटा की. पायांचा आवाज ऐका. सोळापर्यंत मोजायचं. परत एक आला की पाय दणकन पडतो. ती सम."

गोकुळनं डोळे मिटले.

एक, दोन, तीन...

आणि त्याला कळायला लागलं! सोळा सरले की पाय बरोबर पडायचा. लेकीचे पाय एवढं बोलतात, हे त्याला आजवर ठाऊकच नव्हतं.

मग तबला थांबला...

घुंगरं चालूच राहिली.

बारीक. संथ. दिवसभर राबलेली बाई घरात फिरते तशी.

चौदा, पंधरा, सोळा... सम.

गोकुळच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा!" तो मोठ्यानं बोलून गेला.

कुणीच टाळी वाजवली नाही.

त्यानं डोळे उघडले...

श्रेया मधोमध उभी होती. पाय जुळवून. पुढचं आठवेना म्हणून ती मघाशीच, तबल्याबरोबरच थांबली होती. सभागृह चिडीचूप, आणि बाप 'वा' म्हणत होता.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. ते सांगताना गोकुळनं माझ्यापुढं दोनदा तोंड फिरवलं.

बाहेर त्यानं दत्तोपंतांना गाठलं. "काका, तुमी तरी ऐकलं ना?"

"ऐकलं," ते हळूच म्हणाले. "आधीही ऐकलंय, इथंच. पण मी दाद देत नाही."

"मंग पोरीला सांगा की!"

दत्तोपंतांनी रिक्षाला हात केला.

घरी जाताना श्रेया गाडीवर मागं बसली होती. मागूनच म्हणाली, "पप्पा, इथून पुढं तुम्ही झोपतच जा."

ती अजून नाचते. गोकुळ जातो, डोळे टक्क उघडे ठेवून बसतो. तिची सम येते, लोक टाळ्या वाजवतात. त्याला मात्र काहीच होत नाही. त्याचे कान दुसरेच पाय शोधत असतात, आणि ते सापडले तर तोंडून पुन्हा 'वा' निघेल, म्हणून आता त्याला स्वतःचीच भीती वाटते.