भिंतीवरची पोकळी

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलेली. तिने ती एकदाच सांगितली, भाजी निवडता निवडता सांगावी तशी.

वेळ भर दुपारची. जागा, डोंगरावरचा एक ओसाड मठ.

आशियातल्या जुन्या देवळांचे, मठांचे, मशिदींचे डिजिटल नकाशे करणं हे तिचं काम. तिवईवरचं यंत्र सावकाश गोल फिरतं आणि दगडन् दगड ठिपक्यांनी टिपतं. तोवर माणसाने यंत्राच्या पाठीमागेच फिरायचं. समोर आलात, की नकाशात उमटलात.

पूर्वी यंत्र तिचे बाबा चालवायचे. डावा पाय ओढत हमखास समोर यायचे. मग ऑफिसात बसून ती त्यांना नकाशातून पुसून टाकायची.

"आज कितीदा मारलंस मला?"

"चारदा. जरा लांब राहत जा की, बाबा."

बाबा गेले.

तिने सगळे जुने स्कॅन उघडून पाहिले. एखाद्यात तरी ते राहिले असतील...

एकातही नव्हते. तिचं काम चोख होतं.

बाबांचा राहिलेला शेवटचा मठ करायला ती एकटीच गेली. वारा पडलेला. यंत्र फिरू लागलं. ती त्याच्या मागे.

आणि मग... यंत्राच्या पलीकडे पावलं वाजली.

एक नीट. एक ओढत.

तिने डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं.

ऑफिसात स्कॅन उघडला. भिंत स्वच्छ उमटली होती. फक्त मधोमध एक काळी पोकळी... समोर कोणी उभं राहिलं की मागच्या भिंतीवर राहते तशी. खांदे. जरा कललेलं डोकं.

उभ्या राहिलेल्या माणसाचा मात्र एक ठिपकाही नव्हता.

कच्चा स्कॅन प्रमुखांनीही पाहिला होता. त्यांचा फोन आला. "एवढं एक भोक दिसतंय गं. बुजव आणि संध्याकाळपर्यंत पाठव."

"राहू दिलं तर?"

"भोकासकट? काहीतरीच तुझं. दोन मिनिटांचं काम आहे, आणि तुझ्याइतकं सफाईने कोण करतं?"

तिने बुजवलं. पाठवलं.

मूळ फाइल तेवढी ठेवली. अधूनमधून उघडायची. दर वेळी पोकळी आधीपेक्षा लहान...

माणूस यंत्रापासून दूर जात राहिला, की ती अशीच लहान होत जाते.

"लांब राहा, असं मीच सांगायचे," एवढंच ती म्हणाली, आणि पुढची जुडी घेतली.

आता ती ती फाइल उघडत नाही.