बाबांच्या कॅसेटवर धीरज

खोटं वाटत असेल तर पवनारला आमच्या घरी या. कॅसेट अजून आहे. आई ती रोज संध्याकाळी लावते...

२३ जानेवारी १९९९. वर्ध्यातल्या एका कॉलेजचं गॅदरिंग.

धीरजला तेव्हा कुत्रंही ओळखत नव्हतं. खांद्यापर्यंत केस, मित्राची मागून आणलेली इलेक्ट्रिक गिटार, मागे एक ड्रमवाला. पुढे तो पुण्यात गाजला, पेपरात फोटो आले. पण त्याला सगळ्यांच्या आधी ऐकलं ते मी आणि माझा मित्र नीलेश, आम्ही दोघांनी. ही फुशारकी आम्ही वर्षानुवर्षं मारली.

टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो होतो. कोरी कॅसेट मिळाली नव्हती, म्हणून बाबांची आणली होती.

माझे वडील रामाजी भीमजयंतीला गायचे. ९७ साली ते गेले. त्यांचा आवाज त्या एकाच कॅसेटवर होता, ए बाजूला. कोणी पुसू नये म्हणून त्यांनी कॅसेटच्या कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकले होते. ते मोडले की वर रेकॉर्डिंग होत नाही.

मी त्या खाचांत कागद कोंबला. मला फक्त कोरी बी बाजू वापरायची होती.

धक्काबुक्कीत कॅसेट उलटी लागली.

घरी येऊन लावली, तर बाबांच्या जागी धीरज गात होता. मी उशीत तोंड खुपसून रडलो. आईला सांगितलं, टेप गुंतली. पुढे पाच वर्षं तिने कॅसेटचं नाव काढलं की मी विषय बदलायचो. चोराच्या मनात चांदणं.

२००४ चा मे. भर दुपारी नीलेश आला.

"अबे, ते धीरजवाली कॅसेट लाव ना."

लावली.

गिटार वाजली. ड्रम वाजला. मग गाणं सुरू व्हायच्या जागी...

नुसती वाद्यं.

"याचा आवाज कुठी गेला बे?" नीलेश म्हणाला.

तेवढ्यात वाद्यांच्या खालून कोणीतरी खोकलं... दोनदा.

बाबा गाण्याआधी असेच खोकायचे.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुह्या बाबाचा आवाज हाये तो. इतके वर्स मले काऊन नाई आयकवला?"

तिने कॅसेट माझ्याकडून घेतली.

चार दिवसांनी पेपरात बातमी आली. कार्यक्रम चालू असताना धीरजचा आवाज गेला. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तो अजून बोललेला नाही.

आई रोज कॅसेट लावते. रोज बाबा थोडे जास्त ऐकू येतात. आधी 'जय भीम' आलं. मग पहिलं कडवं. गिटार गेली, ड्रम गेला.

गाण्यानंतर नीलेशचं ओरडणं होतं. मागच्या वर्षी तेही गेलं. त्याच आठवड्यात मला त्याचा फोन आला...

नुसता श्वास.

आता तो खिशात वही ठेवतो. लिहून बोलतो.

टेपवर त्या दिवसाचं एकच उरलं आहे. मी ओरडलेलं "वन्स मोअर". तेही पातळ होत चाललंय.

परवा मी आईला सगळं सांगून टाकलं. कॅसेट पुसल्याचंही. मला फार भीती वाटते, म्हणालो.

तिने टेपरेकॉर्डरचं झाकण उघडलं. मग कॅसेट माझ्या हातात दिली.

"पूस मंग. पण तुह्याच हातानं पूस."

खाचांमध्ये माझा कागद अजून तसाच होता. पिवळा पडलेला.

मी तो नखाने उकरून काढला आणि कॅसेट आईला परत दिली.

आज संध्याकाळी मी अंगणातून तिला हाक मारली. चहा मागितला. ती बाहेर आली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"काय म्हंत? जरा मोठ्यानं बोल ना, बाप्पा."

आत टेप चालू होती. बाबा दोनदा खोकले...