बदलीची पाळी

साल एकोणीसशे नव्याण्णव, वैशाख महिना. जालन्याच्या एमआयडीसीत दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. रखमाजी मिस्त्री ज्या लोखंडाच्या मिलमध्ये भट्टी सांभाळायचा, ती दुरुस्तीसाठी बंद होती. भट्टीत नव्या विटा बसल्या होत्या, उद्या ती पेटवायची होती. भट्टीची दारं नीट लागतात का, एवढंच बघायला रखमाजी वाटूरहून आला होता.

त्याची शाळा चौथीपर्यंत. तापल्या लोखंडाचा रंग बघून ते बाहेर ओढायचं की राहू द्यायचं, हे तो सांगायचा आणि माणसं तसं करायची. आता शेठनं भट्टीच्या तिन्ही तोंडांवर आतल्या उष्णतेचे आकडे दाखवणारी मीटरं बसवली होती. भट्टीत एक सळई, तिची वायर मीटरला, मीटरची वायर केबिनमधल्या कंप्युटरला. औरंगाबादहून आलेला बद्रीनाथ नावाचा इंजिनियर ती जोडणी तपासत बसला होता.

"या काका. तुमची सुट्टी करणारी मशीन बघा."

"माझी सुट्टी करणारा अजून जन्माला यायचाय," रखमाजी म्हणाला आणि उभाच राहिला.

बद्रीनाथ हसला. "हे मीटर आपल्या मनानं बोलत नाही, काका. इथून त्याचा नंबर आणि हुकूम टाईप करून पाठवायचा. ज्याचा नंबर, त्यानंच उत्तर द्यायचं."

त्यानं पहिल्याला विचारलं. पडद्यावर लगेच त्रेचाळीस आले. दुसऱ्याचेही त्रेचाळीस. पत्र्याखाली वैशाखात तेवढं असायचंच.

तिसऱ्याला विचारलं. पडदा कोराच राहिला. एखाद्यानं आधी घाम पुसावा आणि मग तोंड उघडावं, तेवढा वेळ गेला.

अकराशे साठ.

"वायर ढिली असंल," रखमाजी म्हणाला.

बद्रीनाथ उठून गेला. तिसऱ्या तोंडातली सळई त्यानं ओढून काढली आणि बाहेर फरशीवर टाकली. ती उघड्या हातात धरवत होती. परत येऊन त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा तीच उसंत.

अकराशे सत्तर.

बद्रीनाथनं शेठला फोन लावला. शेठचा आवाज रखमाजीपर्यंत ऐकू येत होता. काहीही करा, त्याला गप्प करा, उद्या भट्टी पेटली पाहिजे.

फोन खाली ठेवला आणि पडद्यावर आकडा आला. अकराशे सत्तर. थोड्या वेळानं पुन्हा तोच. बद्रीनाथचे दोन्ही हात मांडीवर होते.

"काका... मी विचारलं नाही."

"तुम्ही न्हाई," रखमाजी सावकाश म्हणाला. "तो विचारून राह्यला."

तिसरं तोंड रखमाजीच्या जोडीदाराचं, निजामोद्दीनचं होतं. आठ वर्षांमागे, असाच वैशाख. आष्टीला रखमाजीच्या पोरीची सोयरीक होती आणि त्याची सकाळची पाळी निजामनं बदलीवर घेतली. "जा रे, पोरीचं बघ. माझी एक पाळी तू मंग करशील." दुपारच्या आत तो तिसऱ्या तोंडापाशी कोसळला, तो उठलाच नाही. रखमाजीनं कब्रस्तानात जाऊन माती दिली. पण मिलमधल्या माणसांचा एक कायदा होता, शेठच्याही आधीचा. पुढचा येऊन 'मी आलो, तू जा' म्हणेपर्यंत भट्टीचं तोंड सोडायचं नाही. निजामला उचलून नेलं. ते शब्द त्याला कोणी म्हटलेच नाहीत.

"एक कमांड पाठवतो," बद्रीनाथ म्हणाला. "तिसऱ्याला शून्यावर आणतो. शेठ म्हणालेत."

रखमाजीनं कीबोर्डवर पंजा ठेवला. "हात लावायचा न्हाई. माणूस पाळीवर हाय."

"काका, शेठ तुम्हाला काढून टाकतील."

"टाकू दे."

त्यानं डोक्याला रुमाल घट्ट बांधला आणि निघाला. शेडमध्ये उजेड होता, पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या. तरी तिसऱ्या तोंडाजवळ पोचताना तो उजेड पिवळा, मग तांबूस होत गेला. वास आला. झळ सोसायला माणसं छातीवर ओलं पोतं बांधत, तेच पोतं करपल्याचा वास. रखमाजीच्या पोटऱ्या मागं ओढत होत्या. त्यानं पाय रोवले.

"भिववून राह्यला का मला?" तो तोंडाकडं बघून म्हणाला. "मी भीत न्हाई. पाळी मागायची तर तोंडानं माग."

भट्टी गार होती. आत नव्या विटांखेरीज काही नव्हतं. त्या विटांतून हळू आवाज आला.

"लई जल्दी आलास रे... रखमाजी..."

रखमाजीच्या अंगावर काटा आला. तोंड मात्र त्यानं फिरवलं नाही.

"आलो न्हवं."

"पोरीचं... बराबर झालं का?"

"झालं. दोन लेकरं हायेत तिला."

मग एक लांब श्वास, घाम पुसून टाकावा तसा.

"मंग ठीक..."

"निजाम," रखमाजी मोठ्यानं म्हणाला, साऱ्या शेडला ऐकू जाईल असं. "मी आलो. तू जा."

पोत्याचा वास गेला. उजेड पुन्हा पांढरा झाला. पण पाळी संपली नव्हती. रखमाजी तिथंच उभा राहिला, हात मागं बांधून, रिकाम्या भट्टीकडं तोंड करून. बद्रीनाथ काचेआडून बघत होता. त्यानं दोनदा हाक मारली. रखमाजीनं मान हलवली नाही. पाळीवरचा माणूस बोलत बसत नाही.

शेजारच्या मिलचा, सकाळची पाळी सुटल्याचा, दोनचा भोंगा झाला, तेव्हा तो फिरला.

बद्रीनाथ केबिनच्या दारात आला होता. "काका, विचारलं की लगेच सांगतंय. त्रेचाळीस." आणि त्याची नजर रखमाजीच्या तोंडावर खिळली. "काका... तुमच्या भुवया..."

रखमाजीनं कपाळावरून हात फिरवला. बोटांना काळी राख लागली. भट्टीला महिनाभर काडी लागली नव्हती.

त्यानं हात धोतराला पुसला.

"पाळी फिटली," तो म्हणाला, आणि वाटूरची जीप धरायला गेला.