करंड्यातले अप्पा

चाकूरच्या बसस्टँडसमोर आमचा फोटो स्टुडिओ आहे. तीस वर्षं तो अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी चालवला, गेली नऊ वर्षं मी चालवते, आणि तो आपणच चालवतो असं माझा धाकटा भाऊ रेवणसिद्ध गावभर सांगत फिरतो. मी लग्न केलेलं नाही. लोकांची आठशेच्या वर पाहिली, तेवढ्यानंच पोट भरलं.

मागच्या दिवाळीत आम्ही आरशाचे दोन कॅमेरे विकून बिनआरशाचे दोन घेतले. जुन्यात लेन्समधून आलेला उजेड आरशावरून डोळ्यापर्यंत यायचा. नव्यात आरसाच नाही. डोळ्याशी एक इवलासा पडदा असतो आणि यंत्राला जे दिसतं तेच त्यावर उमटतं. कॅमेरा हलका, आवाज नाही, सगळं झकास. फक्त त्याच्या लेन्सांच्या किमती ऐकून रेवणसिद्ध दोन दिवस गप्प बसला होता, आणि आमच्या घरात ही बातमीच.

तेव्हा मी अप्पांचा स्टीलचा डबा उघडला. त्यांचा रोलचा कॅमेरा कधीच मोडीत गेला होता, पण त्याची पन्नास मिलिमीटरची लेन्स त्यांनी मलमलीत गुंडाळून, शेजारी तांदळाची पुरचुंडी ठेवून जपली होती. ऑनलाइन मागवलेली एक रिंग मध्ये टाकली आणि ती नव्या कॅमेऱ्यावर चपखल बसली. फोकस तेवढा हातानं करावा लागतो.

"अक्का, म्युझियम उघडायलीस का?" रेवणसिद्ध म्हणाला.

पण फोटो असे आले की नवऱ्या मुली स्वतःहून तीच लेन्स मागू लागल्या. मग मी आणखी एक रिंग आणली, उलटी. तिच्यावर लेन्स मागचं पुढं करून लावली की बारीक वस्तू भल्यामोठ्या दिसतात. अंगठी, नथ, कुंकवाचा करंडा, यांची दोन पानं प्रत्येक अल्बमात लागतातच. लेन्सची जी बाजू तीस वर्षं अप्पांच्या डोळ्याकडे होती, ती आता जगाकडे झाली. त्या वेळी मला यात काही विशेष वाटलं नाही.

घरात तेव्हा वेगळीच काळजी होती. अप्पा गेल्या वर्षी ज्येष्ठात गेले. प्रथम पुण्यस्मरण जवळ आलं होतं, चौकात फ्लेक्स लावायचा होता, पेपरात द्यायचं होतं, आणि आमच्याकडे त्यांचा फोटोच नव्हता. अख्ख्या तालुक्याचे फोटो काढणाऱ्या बसलिंगप्पांचा स्वतःचा एक धड फोटो नाही! कुणी मोबाइल त्यांच्याकडे वळवला की ते तो हातातून काढून घ्यायचे. "आण इकडं. तू उभी राहा, मी काढतो." आयुष्यभर हेच. घरात दोनच फोटो सापडले. एक लग्नातला, त्यात बावीस वर्षांचा काडीपैलवान. दुसरा आधार कार्डावरचा, त्यात अप्पा शेळी चोरताना सापडल्यासारखे दिसतात.

आईला आम्ही अव्वा म्हणतो. पार्वतम्मा तिचं नाव. तिनं दोन्ही नाकारले.

"लग्नातला तो पोरगा माझ्या वळखीचा न्हाई," ती म्हणाली. "अन् आधारवरला कुणाच्याच वळखीचा न्हाई. ज्याच्यासंग चाळीस वर्षं भांडले तो म्हातारा पायजे मला भिताडावर."

फ्लेक्सवाला म्हणाला, आधारचाच द्या, एआयनं कोट-टाय घालून हसवून देतो. अव्वानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती रडली. "दीपा, डोळे मिटले की आवाज येतो, तोंड येत न्हाई. मी इसरून राहिले गं त्यायला."

मला फार लागलं ते. मी फोटोग्राफर, मुलगीही त्यांचीच, आणि इतकी वर्षं शेजारी उभी राहून एकदाही कॅमेरा त्यांच्याकडे वळवला नव्हता.

पहिल्यांदा ते दिसलं उदगीरच्या एका लग्नात. दुपारची वेळ, नवरीच्या खोलीत अत्तराचा आणि कच्च्या हळदीचा वास, खिडकीतून भरपूर ऊन. मी नवरीचा चांदीचा करंडा टिपत होते. चकचकीत वस्तूचा फोटो काढताना काढणारा तिच्यात दिसतो, ही या धंद्यातली जुनी कटकट. म्हणून मी आधी करंड्याच्या पोटात मला शोधलं. तिथं पांढरा शर्ट दिसला. माझा कुर्ता चॉकलेटी होता. वळून पाहिलं तर मागे भिंत. आला असेल एखादा पाहुणा, असं म्हणून मी काम उरकलं, आणि नंतर कॉम्प्युटरवर तो पांढरा ठिपका ब्रशनं मिटवून टाकला.

दुसऱ्यांदा नायगावला, साखरपुड्याच्या अंगठीत. या वेळी मी फोटो मोठा करून पाहिला. उंच माणूस, गुडघ्यात थोडा वाकलेला, डोळ्याला कॅमेरा, उजवं कोपर कोंबड्याच्या पंखासारखं वर. असं कोपर तालुक्यात एकाच माणसाचं होतं. तो माणूस सगळ्यांना कोपर अंगाशी धरायला शिकवायचा आणि स्वतःचं कधी धरायचा नाही.

मी हिशोबी बाई आहे. घरी येऊन स्टुडिओचं शटर अर्धं ओढलं, अव्वाचा चांदीचा करंडा टेबलावर ठेवला आणि मुद्दाम लालभडक ओढणी घेतली. कंपनीची लेन्स लावली, करंड्यात लाल ओढणी. अप्पांची लेन्स सरळ लावली, लाल ओढणी. उलटी लावली, पांढरा शर्ट. मग काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून फोटो काढला, म्हणजे करंड्यात पुठ्ठ्याशिवाय काही दिसायलाच नको. पांढरा शर्ट. रेवणसिद्धच्या हातात कॅमेरा दिला. त्यानं डोळा लावला, काढला, परत लावला आणि कॅमेरा माझ्याकडे देऊन बाहेर जाऊन बसला.

आरशाचा कॅमेरा असता तर डोळ्यांचा भास म्हणून सोडून दिलं असतं. इथं माझा डोळा मध्ये नव्हताच. यंत्र पाहत होतं आणि मी यंत्राकडे पाहत होते. खोटं कशाला बोलू, घाबरले मी. पण भीतीपेक्षा हसू जास्त येत होतं. वर्षभरानं माणूस दिसत होता, तोही कामावर.

अव्वाला मी कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिनं चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं.

"कोपर त्यायचंच," ती म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "वरलं बटन तुटलंय. मीच लावणार होते ते." आणि मग, भाजीवाल्याला विचारावं तशी, "अन् तोंड कुठाय?"

तोंड कॅमेऱ्यामागे होतं.

पुढचे तीन दिवस मी हेच केलं. सकाळचा उजेड, दुपारचा उजेड, करंडा डावीकडून, उजवीकडून. सत्तरेक फोटो काढले. प्रत्येकात अप्पा, आणि प्रत्येकात कॅमेरा डोळ्याला. कधी हनुवटी दिसे, कधी कानाची पाळी. मेल्यावरसुद्धा हा माणूस फोटोत यायला तयार नव्हता. फ्लेक्सवाल्याला सोमवारी सकाळी फोटो हवा होता.

रविवारी जेवणं झाल्यावर अव्वा स्वतःच स्टुडिओत आली. खुर्ची ओढून करंड्याजवळ बसली, पदर नीट केला.

"तू लाव तुझं यंत्र," ती म्हणाली. "मी बोलते."

मी डोळा लावला. ते होते.

"अवो," अव्वा करंड्याकडे बघत म्हणाली. रोज चहाला हाक मारायची तशीच.

ते हलले नाहीत. बाहेर अहमदपूरची एसटी लागली, कंडक्टर ओरडत होता.

"लोकायचे लई काढले. आता ठिवा ते खाली."

कोपर किंचित उतरलं.

"मला तुमचं तोंड दिसंना झालंय. उद्या तुमाला कोट घालून टांगतील हे, मंग बसा बोंबलत."

कॅमेरा खाली आला.

अप्पाच. दाढीचे पांढरे खुंट, नाकावर चष्म्याचा वण, ओठ मिटून हसणं. भांडणात अव्वापुढे हरले की हसायचे तसं.

मी बटण दाबलं. आवाज झाला नाही.

मग त्यांनी हात पुढे केला, कॅमेऱ्यासकट, सरळ माझ्या दिशेनं. मी पुन्हा बटण दाबलं तेव्हा करंड्यात खिडकी होती, टेबल होतं, अव्वाची खुर्ची होती.

अप्पा नव्हते. मीही नव्हते. उजेडाचा कोन बदलला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

फोटो पाहून अव्वा आधी हसली, मग रडली, मग परत हसली. "हाव, हाच. हाच म्हातारा," म्हणत तिनं रेवणसिद्धच्या बायकोला, मंजुषाला, स्वयंपाकघरातून ओढत आणलं. मंजुषानं पडद्याला हात जोडले आणि हळूच विचारलं, "अक्का, त्या लेन्सनं मला माझ्या पैंजणांचे फोटो जमतील का हो?" ती मोबाइलवरून पैंजण विकते. धंद्यात आमच्या घरातलं कुणीच मागे नाही.

दुसऱ्या फोटोत काही आलं नव्हतं, पण पहिल्यातच हात निघायला लागलेला दिसत होता. फ्लेक्ससाठी मी तो कापून टाकला.

"कुणाला देऊन राहिले ते?" अव्वानं विचारलं.

"कुणाला नाही. खाली ठेवत होते," मी म्हणाले.

पुण्यस्मरणाला गाव लोटलं. फ्लेक्ससमोर उभं राहून लोक म्हणत, अगदी बोलतील असं वाटतंय, कुणी काढला? मी म्हणायचे, मीच. पाच फुटी अप्पा चौकात हसत होते, वरचं बटण तुटलेलं. घरी भिंतीवरच्या फोटोशी अव्वानं दुसऱ्याच दिवसापासून भांडायला सुरुवात केली. आमटीत मीठ जास्त झालं की ती त्यांच्याकडे बघून म्हणते, "हसू नका." वर्षभरात इतकी खुशीत मी तिला पाहिली नव्हती. त्या आनंदात मी बाकी सगळं विसरून गेले.

पंधरा दिवसांनी मला नांदेडला एक काम लागलं. लातूरचं एक कुटुंब माथा टेकायला आलं होतं, त्यांचे फोटो काढायचे होते. गुरुद्वाऱ्यात जाताना दारापाशी मिळालेला केशरी रुमाल डोक्याला बांधला, तो बाहेर आल्यावर सोडायचा राहिला. काम आटोपलं, कॅमेरा बॅगेत टाकून चेन लावली आणि समोरच्या टपरीवर चहा घेतला. उन्हं उतरली होती, चहा फक्कड होता.

मोबाइल वाजला. मंजुषाचा फोटो होता. घरचा दुसरा कॅमेरा आणि अप्पांची लेन्स मी तिला उलटी रिंग लावूनच देऊन आले होते.

फोटो सुरेख काढला होता पोरीनं. पैंजणाचं एकच घुंगरू, पडदाभर, पाण्याच्या थेंबासारखं लखलखीत. मी कौतुकानं दोन बोटांनी तो मोठा केला.

घुंगरात एक बाई उभी होती. डोक्याला केशरी रुमाल. डोळ्याला कॅमेरा.

माझ्या एका हातात चहाचा ग्लास होता. बॅग पायाशी होती, चेन लावलेली.

फोटोखाली मंजुषानं लिहिलं होतं, "अक्का, घुंगरात तुमी आलात बघा! तोंड तेवढं दिसंना."