मुदत संपलेला तिसरा मसुदा

वेणूबाईंनी दार ढकललं, तेव्हा त्यांचे यजमान तुळशीराम संगणकासमोर पालथे पडले होते. डोकं मागून फुटलं होतं.

बोर्ली पंचतनच्या ठाण्यातून इन्स्पेक्टर कल्पिता लगेच आल्या.

"काय करत असत ते इथे?" त्यांनी वेणूबाईंना विचारलं.

"जुनं मसुदं जपायचं. होडीवरच्या यंत्रांच्या नियमांचं. सा म्हयन्यांत मुदत सरली की सरकारी समिती ते काढून टाकते, पन हे जपून ठेवायचं, मागेल त्याला दाखवायचं. आमचा ल्योक प्रीतम बुडाला, त्याच्या होडीवरचं संकटाचं यंत्र पानी शिरून वाजलंच न्हाय. तेच यंत्र अजून निम्म्या बंदरात हाय. आज त्याच्या चौकशीत कागद दाखवनार व्हते."

त्या यंत्राच्या नियमाचे पाच मसुदे झाले होते. फळीवर चारच होते. तिसरा संगणकातूनही पुसला होता. टेबलावर वकिलाची नोटीस होती. मसुदे लिहिणारा इंजिनिअर निकेत म्हणत होता, मुदत संपली तरी लेखनाचा हक्क माझा, पाचही काढा.

दुपारी पोलीस ठाण्यात निकेत चिडूनच बोलला. "माझ्या चुका त्यांनी जगापुढे मांडल्या. राग होताच. पण मी कोर्टात गेलो असतो, मॅडम."

ते यंत्र बनवणारा दिपेश, त्यालाही बोलावलं होतं, शेजारी बसला होता.

"तुम्ही हे मसुदे पाहिले होते?" कल्पितांनी त्याला विचारलं.

"छे! शेवटचा नियम घेतला, माल बनवला. मेलेल्या कागदांशी आपलं काय?"

"मग यंत्रात पाणी कसं शिरलं?"

"झाकणाला एक रबरी रिंग चालते. दोनची सक्ती चौथ्यात काढली ना!"

कल्पितांनी निकेतकडे पाहिलं. "तुमच्याकडे तिसरा आहे?"

निकेतने लॅपटॉप उघडला. तिसऱ्यात स्पष्ट होतं : एकाच रिंगेतून खारं पाणी आत जातं, दोन हव्यातच. "समितीने खर्चापायी चौथ्यात ही सक्ती काढायला लावली," तो पुटपुटला.

"निकेतनी मारलं असतं तर पाचही गेले असते," कल्पिता म्हणाल्या. "गेला तो फक्त धोका सांगणारा. दिपेश, मसुदे पाहिलेच नाहीत, तर चौथ्यात काय काढलं हे तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला वाटलं, मुदत संपलेला कागद त्या एकट्याकडेच उरलाय. लिहिणाऱ्याकडे तो राहतोच, हे सुचलं नाही."

दिपेशचा चेहरा उतरला. "म्हातारा ऐकेचना..."

बाकावरून वेणूबाई म्हणाल्या, "याला धरलात. पन तीच यंत्रं घेऊन होड्या गेल्या ना भरतीला."

कल्पितांनी वायरलेस ओढला. होड्यांना तिसऱ्या मसुद्यातली ती ओळ वाचून दाखवायची होती, पण तिचा हक्क दुसऱ्याचा होता. त्यांनी निकेतकडे पाहिलं.

"वाचा," तो म्हणाला. "माझं नाव घेऊन वाचा."

समुद्रावरून एकेका होडीचं उत्तर येऊ लागलं. वेणूबाई प्रत्येक आवाजाला मान वर करत होत्या आणि पुन्हा खाली घालत होत्या.